एकाच लॅपटॉपवर उबुंटू, विंडोज ११ आणि बाबांचं एक्सपी : व्हर्च्युअल मशीन लावताना अडलोय

रानवाट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज स्वतःचं कोडं घेऊन आलोय.

माझ्याकडे विंडोज ११ होमचा लॅपटॉप आहे. १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, त्यातली निम्मी रिकामी. व्हर्च्युअलबॉक्स टाकून तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारे आभासी संगणक, उभी करायची आहेत. पहिलं उबुंटूचं, लिनक्स शिकायला. दुसरं विंडोज ११ चंच, अगदी कोरं, म्हणजे अनोळखी सॉफ्टवेअर आधी तिथे टाकून बघता येईल. आणि तिसरं विंडोज एक्सपीचं. हा सगळा खटाटोप खरं तर त्या तिसऱ्यासाठी आहे.

बाबा २००४ पासून जुन्या हस्तलिखितांची सूची करत आले आहेत. पानं, लेखनिक, कागदाची अवस्था, शेवटची ओळ, सगळं त्यात आहे. ज्या प्रोग्रॅममध्ये केली तो एका छोट्या कंपनीने बनवलेला होता, ती कंपनी आता नाही. प्रोग्रॅम एक्सपीवरच चालतो, तोही यूएसबीला डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावलेलं असेल तरच. फाइल त्याच्या स्वतःच्या फॉरमॅटमधली, दुसऱ्या कशातही उघडत नाही. मजकूर मराठी, पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेला. जुना डेस्कटॉप अजून सुरू होतो, पण हार्ड डिस्क खरखर करायला लागली आहे.

आता माझी अवस्था. उबुंटू चढलं, पण माउस हलवला की पॉइंटर अर्ध्या सेकंदाने हलतो. खिडकीच्या तळाशी एक हिरवं कासव दिसतं. विंडोज ११ चा सेटअप सुरुवातीलाच 'हा पीसी चालणार नाही' म्हणून थांबतो. एक्सपी तर अजून सीडीवरूनही चढलेलं नाही, निळा पडदा येतो आणि त्यावर शेवटी ७बी असा आकडा असतो. कुठून सुरुवात करू?

कंदील

कासवापासून सुरुवात करा, कारण ते तिन्ही मशीनना नडतंय.

ते कासव म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स थेट प्रोसेसरवर चालत नाही, मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीच्या डोक्यावर बसून चालतंय, याची खूण. तुम्ही म्हणाल, होम आवृत्तीत हायपर-व्ही कुठे असतं? हायपर-व्ही मॅनेजर नसतो, पण खालचा हायपरवायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर, असतो. विंडोजमधलं लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल २, त्याच्यावरच चालतं. विंडोज सिक्युरिटीतली मेमरी इंटिग्रिटीसुद्धा. नव्या लॅपटॉपवर ही शेवटची गोष्ट बहुधा आधीपासून चालू असते, आपल्याला पत्ताही नसतो.

भानगड अशी की प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय एका वेळी एकाच मालकाच्या ताब्यात असते. इंटेलने ती २००५ मध्ये आणली, एएमडीने २००६ मध्ये. त्याआधी एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडीच्या घराण्यातला प्रोसेसर या कामासाठी बनलेलाच नव्हता. पोपेक आणि गोल्डबर्ग या संशोधकांनी १९७४ मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्राची स्थिती बदलणारी किंवा उघड करणारी प्रोसेसरची प्रत्येक सूचना हायपरवायझरला मध्येच अडवता आली पाहिजे. पेंटियममध्ये अशा १७ सूचना निघाल्या ज्या अडवताच येत नव्हत्या. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये वर्कस्टेशन काढलं तेव्हा त्या सूचना चालत्या प्रोग्रॅममध्येच शोधून बदलाव्या लागत. व्हर्च्युअलबॉक्समध्येही तशी सोय होती, ६.१ मध्ये काढून टाकली. म्हणजे आता हार्डवेअरची सोय हाती आली तरच काम, आणि तुमच्याकडे ती आधीच दुसऱ्याने धरून ठेवली आहे.

यातली चांगली बातमी म्हणजे कासव दिसतंय त्या अर्थी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ही सोय चालू आहे. तिकडे जायची गरज नाही.

'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' उघडा. व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म, दोन्हींवरची खूण काढा. मग विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन, तिथे मेमरी इंटिग्रिटी बंद करा. लॅपटॉप रीस्टार्ट करा. नंतर सिस्टिम इन्फर्मेशनची खिडकी उघडून अगदी तळाची ओळ वाचा. हायपरवायझर सापडला आहे असं तिथे अजून लिहिलेलं असेल तर काहीतरी राहिलं.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. मेमरी इंटिग्रिटी हे खरंखुरं संरक्षण आहे. एक्सपीचं काम संपलं की ती परत चालू करा, मग उबुंटू थोडं हळू चाललं तरी चालेल. दुसरं, होममध्येसुद्धा डिस्कचं एन्क्रिप्शन चालू असू शकतं. असली ढवळाढवळ करण्याआधी रिकव्हरी की, म्हणजे ते एन्क्रिप्शन उघडायचा आकडा, कागदावर उतरवून ठेवा. ती न लिहिल्यामुळे स्वतःच्याच लॅपटॉपबाहेर अडकून बसलेला माणूस मी जवळून पाहिला आहे.

रानवाट

कंदील, कासव गेलं! त्या जागी 'व्ही' अक्षराचं निळसर चिन्ह आलं आणि उबुंटू एकदम सुतासारखं सरळ चालायला लागलं. रिकव्हरी की आधी लिहून घेतली. मनापासून आभार.

पाटीपेन्सिल

विंडोज ११ बद्दल मी लिहिते, कारण मुलांना शिकवण्यासाठी दर काही महिन्यांनी हे नव्याने करावं लागतं.

सेटअप थांबतो तो टीपीएम (गुप्त किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (सही तपासूनच प्रणाली सुरू करणारी सोय) यांच्यासाठी. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, दोन कोअर, यूईएफआय (बायोसची नवी पिढी), सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० लागतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट आले ते ऑक्टोबर २०२२ च्या ७.० मध्ये. तुमची आवृत्ती त्याआधीची असेल तर आधी ती बदला. नवी असेल तर मला वाटतं मशीन तयार करताना तुम्ही प्रकार म्हणून विंडोज १० किंवा 'इतर' निवडलंत. तो प्रकार म्हणजे नुसती नावाची पाटी नव्हे. त्यावरून व्हर्च्युअलबॉक्स डिस्क कंट्रोलर, नेटवर्क कार्ड, फर्मवेअर, घड्याळ सगळं ठरवतो. विंडोज ११, ६४ बिट असं निवडलं की ईएफआय आणि टीपीएम आपोआप लागतात.

४ जीबीवर चालतं, पण गुदमरतं. तुमच्याकडे १६ आहेत, तर ६ द्या. मात्र उबुंटू आणि हे एकाच वेळी चालू ठेवू नका, होस्टलाही, म्हणजे मूळ लॅपटॉपलाही, श्वास घ्यायला जागा लागते. प्रोसेसर दोनच द्या. आहेत तेवढे सगळे कोअर गेस्टला, म्हणजे आतल्या मशीनला, दिले की तो वेगाने धावेल असं वाटतं, पण होस्ट अडकतो आणि गेस्टही त्याच्यामागे खोळंबून राहतो.

एक गोष्ट मी फार उशिरा शिकले. आभासी टीपीएममधली माहिती डिस्कच्या फाइलमध्ये नसते, त्याच फोल्डरमधल्या एनव्हीरॅम नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असते. मी एकदा फक्त डिस्कची फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथे विंडोजने रिकव्हरी की मागितली. तेव्हापासून मशीन हलवायचं तर आख्खं फोल्डर हलवते. आणि लायसन्स : गेस्ट विंडोजला स्वतःचं वेगळं लागतं, होस्टचं त्याला चालत नाही.

सुतळी

उबुंटूसाठी माझी भर. ४ जीबी रॅम, ३० जीबी डिस्क, ग्राफिक्स कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए, व्हिडिओ मेमरी सरकवून १२८ एमबी. मग गेस्ट ॲडिशन्स, म्हणजे गेस्टसाठीचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर, टाका, नाहीतर खिडकी मोठी केली तरी पडदा मोठा होत नाही. त्या टाकण्याआधी गेस्टच्या आत कंपायलर, डीकेएमएस आणि चालू कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) हेडर लागतात, कारण मोड्यूल तिथेच बांधले जातात. बरेच जण हे गाळतात आणि मग 'ॲडिशन्स टाकल्या पण काही झालं नाही' अशी तक्रार घेऊन येतात. शेअर्ड फोल्डर दिसतो पण उघडत नाही, असं झालं तर तुमच्या युजरला व्हीबॉक्सएसएफ या ग्रुपमध्ये घाला आणि गेस्ट रीस्टार्ट करा.

ज्यांचा होस्टच लिनक्स आहे त्यांनी व्हर्च्युअलबॉक्सच्या वाटेला का जावं, हे मला पटत नाही. केव्हीएम, म्हणजे लिनक्सचा स्वतःचा हायपरवायझर, फेब्रुवारी २००७ च्या २.६.२० पासून कर्नलमध्येच आहे. वर व्हर्ट-मॅनेजर हा खिडकीवाला प्रोग्रॅम टाकला की झालं. विंडोज गेस्ट लावताना मात्र व्हर्टआयओ या आभासी हार्डवेअरची ड्रायव्हर आयएसओ (सीडीची फाइल) दुसऱ्या सीडीसारखी जोडून ठेवा. विंडोजच्या सेटअपला व्हर्टआयओ डिस्क ओळखताच येत नाही आणि यादी रिकामी दिसते. तिथे 'लोड ड्रायव्हर' म्हणून ती आयएसओ दाखवली की डिस्क उगवते.

कंदील

सुतळी, केव्हीएमचा वेग मान्यच. पण नवख्या माणसाला खिडकीतून यूएसबी डोंगल उचलून देता येणं, स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती) एका क्लिकवर मिळणं, आणि तेच मशीन उद्या दुसऱ्या होस्टवर तसंच उघडणं, यासाठी व्हर्च्युअलबॉक्स मला अजूनही जवळचा वाटतो. आणि तुमच्या लिनक्सवाल्यांसाठी एक सूचना : कर्नल ६.१२ पासून केव्हीएमचं मोड्यूल चढलं की लगेच व्हर्च्युअलायझेशन ताब्यात घेतं. त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्स 'व्हीएमएक्स रूट मोड'ची चूक दाखवून थांबू शकतो. आधी ते कोणी वापरेपर्यंत गप्प असायचं. म्हणजे कासवाचीच गोष्ट, फक्त लिनक्समध्ये.

सुतळी

हे खरं आहे. माझ्याकडेही झालं, मोड्यूल काढून टाकल्यावर चाललं. दोन्ही एकत्र ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

जुनीपेटी

एक्सपीसाठी थांबलो होतो. रानवाट, हा प्रतिसाद मोठा आहे, पण घाई न करता वाचा. तुमच्याकडे वीस वर्षांचं काम एका खरखरणाऱ्या डिस्कवर आहे.

सगळ्यात आधी जुना डेस्कटॉप चालू करणं बंद करा. आज, आत्तापासून. प्रत्येक वेळी सुरू करताना ती डिस्क शेवटची असू शकते. डिस्क बाहेर काढा. त्या काळची असेल तर चपट्या रुंद पट्ट्याची आयडीई असेल. तिला यूएसबीला जोडणारा ॲडॉप्टर मिळतो. लॅपटॉप लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि जीएनयू डीडीरेस्क्यू वापरून अख्ख्या डिस्कची प्रत एका बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. साध्या कॉपीपेक्षा हा का? तो आधी चांगले भाग पटापट उचलतो, बिघडलेले मागे ठेवतो आणि कुठवर आलो याची नोंद मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतो. मध्ये थांबला तरी तिथूनच पुढे जातो. स्रोत कोणता आणि प्रत कुठे, हे आदेश देण्याआधी तीनदा वाचा. उलटं झालं तर सगळं पुसलं जाईल.

ती प्रत झाली की तिची अजून एक प्रत काढा आणि पहिलीला हात लावू नका. जे काही प्रयोग करायचे ते दुसरीवर.

मग क्यूईएमयू या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या इमेज साधनाने ती कच्ची प्रत व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीडीआय फॉरमॅटमध्ये बदलता येते. व्हर्च्युअलबॉक्सच्या आदेशांमध्येही कच्च्या प्रतीतून बदलण्याचा आदेश आहे. कोरं एक्सपी चढवून त्यात बाबांचा प्रोग्रॅम टाकण्यापेक्षा हा रस्ता बरा, कारण कंपनी बंद झालेल्या प्रोग्रॅमची नोंदणी परत कोण करून देणार?

आता तुमचा ७बी. त्याचा अर्थ : ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं तीच विंडोजला दिसत नाही. एक्सपी आलं २००१ मध्ये. त्याच्या सीडीत साटा या नव्या डिस्क-जोडणीच्या एएचसीआय पद्धतीचा ड्रायव्हरच नाही. आणि तुम्ही डिस्क साटा कंट्रोलरला लावली आहे. पाहुण्याला त्याच्या काळाचं यंत्र द्या, तो सुखाने नांदतो. डिस्क आणि सीडी दोन्ही आयडीईला. नेटवर्क कार्ड द्यायचंच असेल तर पीसीनेट फास्ट ३, त्याचा ड्रायव्हर एक्सपीत आहे. यूएसबी ओएचसीआय, म्हणजे १.१. एक्सपीत यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. रॅम ५१२ एमबी पुरे, फार तर १ जीबी. प्रोसेसर एक. ईएफआय बंद. हे सगळं 'विंडोज एक्सपी, ३२ बिट' निवडलं की जवळजवळ आपोआप होतं. पाटीपेन्सिलताईंनी सांगितलं तेच.

पण तुमची डिस्क दुसऱ्या यंत्रावरून आलेली असल्यामुळे आयडीई देऊनही ७बी येऊ शकतो. जुन्या मदरबोर्डच्या चिपसेटसाठी जो ड्रायव्हर होता तो एक्सपी सुरू होताना शोधतं, इथे ती चिप नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आयडीई कंट्रोलरचे तीन प्रकार आहेत : पीआयआयएक्स३, पीआयआयएक्स४ आणि आयसीएच६. तिन्ही एकेक करून बघा. नाहीच झालं, तर मूळ प्रत सुरक्षित आहे याची खात्री करून डिस्क जुन्या डेस्कटॉपमध्ये एकदाच परत लावा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलरचा ड्रायव्हर बदलून 'स्टँडर्ड ड्युअल चॅनल' वाला करा, लगेच बंद करा आणि प्रत नव्याने काढा.

रानवाट

जुनीपेटी, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. त्यांनी स्वतः उठून डेस्कटॉपची वायर भिंतीतून काढली.

ॲडॉप्टर मिळाल्यावर लिहितो.

तांबडफुटी

धाग्याचा विषय थोडा बाजूला नेते, पण शीर्षक बघून मॅकवालेही येतील. ज्यांच्याकडे एम मालिकेची चिप आहे त्यांच्यासाठी गणित वेगळं आहे. तो प्रोसेसर एआरएम, म्हणजे एक्स८६ हून वेगळ्या जातीचा, आहे. व्हर्च्युअलबॉक्स ७.१ पासून अशा मॅकवर चालतो, पण गेस्टही एआरएमच हवा : उबुंटूची एआरएम आवृत्ती वगैरे. विंडोज ११ चीही एआरएम आवृत्ती आहे, ती पॅरलल्स या मॅकवरच्या व्हर्च्युअल मशीन प्रोग्रॅममध्ये छान चालते. एक्सपी मात्र शुद्ध एक्स८६. त्यासाठी यूटीएम, जे आतून क्यूईएमयूच आहे, त्याच्यात नक्कल करून चालवावं लागतं. प्रत्येक सूचनेचं भाषांतर होत असल्यामुळे वेग खूप कमी. तरी एक्सपी इतकं हलकं आहे की कामापुरतं चालतं. विंडोज १० ची मात्र तशी नक्कल करायला जाऊ नका, वैताग येतो.

आणि मॅकओएस गेस्ट म्हणून हवं असेल तर ॲपलचं लायसन्स ते फक्त ॲपलच्या यंत्रावर आणि दोनच जादा प्रतींपर्यंत चालवू देतं.

भिंगरी

विंडोज होस्टवर व्हीएमवेअर वर्कस्टेशनबद्दल कोणी बोललंच नाही. वर्कस्टेशन प्रो मे २०२४ मध्ये वैयक्तिक वापरासाठी मोफत झालं आणि नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांसाठीच. त्रिमितीय ग्राफिक्स लागणारा गेस्ट असेल तर माझा अनुभव तिकडे जास्त चांगला आहे. उतरवून घ्यायला व्हीएमवेअरची मालक असलेल्या ब्रॉडकॉमच्या साइटवर खातं काढावं लागतं.

रानवाट

आठवडाभराने आलो. काय झालं ते क्रमाने सांगतो.

४० जीबीची डिस्क, डीडीरेस्क्यूला दीड दिवस लागला. सुरुवातीचा बहुतेक भाग तासाभरात आला, पुढे काही ठिकाणी अडून बसला. शेवटी अगदी थोडा तुकडा निघालाच नाही. दोन प्रती केल्या, एक बहिणीकडे ठेवली.

व्हीडीआय करून लावली. पीआयआयएक्स३ वर ७बी. पीआयआयएक्स४ वर निळा पडदा गेला आणि एक्सपीचं चिन्ह दिसलं! पण नंतर काळा पडदा, कर्सरही नाही, आणि तसंच थांबून राहिलं. दहा मिनिटं वाट बघितली. काय असेल?

जुनीपेटी

चिन्ह दिसलं म्हणजे डिस्क सापडली, अर्धी लढाई झाली.

तुमचा डेस्कटॉप हायपरथ्रेडिंगवाला पेंटियम ४ होता का? तसं असेल तर त्या एक्सपीत दोन प्रोसेसरवाला एचएएल बसलेला असणार. एचएएल म्हणजे विंडोज आणि मदरबोर्ड यांच्यामधला थर, तो चढवतानाच ठरतो. त्याला आय-ओ एपिक, म्हणजे हार्डवेअरचे निरोप प्रोसेसरला पोचवणारी चिप, लागतंच. व्हर्च्युअलबॉक्समध्ये सिस्टिमच्या पानावर 'एनेबल आय-ओ एपिक' अशी चौकट आहे. एक्सपीसाठी ती बहुधा रिकामी असते. खूण करून बघा. एकदा या मशीनला ती लागली की पुन्हा काढायची नाही.

होस्ट एएमडीचा आणि जुनं यंत्र इंटेलचं असेल तर इंटेलपीपीएम नावाच्या ड्रायव्हरपाशी आणखी एक निळा पडदा येऊ शकतो. आला तर सांगा, तो बंद करायची वाट आहे.

रानवाट

पेंटियम ४ च होता. चौकटीवर खूण केली, आणि डेस्कटॉप आला. बाबांचा जुना वॉलपेपर, आजीचा अंगणातला फोटो. आम्ही दोघं काही वेळ नुसते बघत बसलो.

आता पुढचं. एक्सपी म्हणतंय की हार्डवेअर खूप बदललं आहे, ३ दिवसांत पुन्हा ॲक्टिव्हेट करा. आणि डोंगल अजून लावलेलं नाही. नेटवर्क चालू करू का?

कंदील

नेटवर्क नको. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. नेटवर्क ॲडॉप्टरच्या पानावर जाऊन कार्डच काढून टाका, 'जोडलेलं नाही' यावरही समाधान मानू नका.

भिंगरी

एनएटीवर ठेवलं तर बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही, गेस्टला १०.०.२.१५ असा आतला पत्ता मिळतो आणि तो होस्टच्या आड असतो. एवढी भीती बाळगायची गरज आहे का?

कंदील

भिंगरी, बाहेरून आत येणं अडतं हे बरोबर. पण आतून बाहेर जाणं अडत नाही, आणि गेस्ट होस्टपर्यंत पोचू शकतो. बाबांच्या डिस्कवर वीस वर्षांत कुठल्या कुठल्या पेनड्राइव्हवरून काय आलं असेल कोण जाणे. या मशीनला इंटरनेटवर एकही काम नाही, मग दार उघडं का ठेवायचं? शेअर्ड फोल्डरही मी देणार नाही.

भिंगरी

हे पटलं. ब्राउझर चालवायचा असता तर गोष्ट वेगळी.

जुनीपेटी

फाइल बाहेर काढायला एक जुनी, भरवशाची युक्ती. २ जीबीची दुसरी आभासी डिस्क करा, फॉरमॅट व्हीएचडी, आकार स्थिर. ती एक्सपीला दुसरी आयडीई डिस्क म्हणून जोडा, आतून फॅट३२ करा, फाइल तिच्यावर ठेवा, एक्सपी नीट बंद करा. मग विंडोज ११ च्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'अटॅच व्हीएचडी' म्हणून तीच फाइल रीड-ओन्ली जोडा. ड्राइव्ह म्हणून दिसेल. अँटिव्हायरसने तपासा आणि घ्या. दोन्हीकडे एकाच वेळी जोडू नका.

आत काही न्यायचं असेल तर त्याची आयएसओ करून सीडी म्हणून लावा.

आता डोंगल. मशीन बंद असताना यूएसबीच्या पानावर ओएचसीआय निवडा, डोंगल लॅपटॉपला लावा, अधिकचं चिन्ह दाबून यादीतून फिल्टर तयार करा. मशीन सुरू झालं की व्हर्च्युअलबॉक्स ते डोंगल होस्टकडून काढून गेस्टला देतो. जाडजूड एक्स्टेन्शन पॅकची यासाठी गरज नाही.

सुरू करण्याआधी एक स्नॅपशॉट घ्या. आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे प्रत्येक धाग्यावर सांगतो तसं इथेही सांगतो. स्नॅपशॉटनंतरचे बदल वेगळ्या फाइलमध्ये जातात आणि ती फाइल मूळ डिस्कवर उभी असते. मूळ गेली की सगळे स्नॅपशॉट गेले. मी एकदा जागा वाचवायला म्हणून फोल्डरमधली मोठी फाइल हाताने उडवली होती. तीन महिन्यांचं काम होतं त्यात.

पाटीपेन्सिल

रानवाट, मजकूर टेक्स्ट म्हणून बाहेर काढाल तेव्हा फॉन्टची फाइलसुद्धा एक्सपीच्या फॉन्ट्स फोल्डरमधून सोबत घ्या. विसरू नका! युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी फॉन्टने 'क'चं चित्र ठेवलेलं असतं. कित्येकदा काना, वेलांटी आणि अर्धी अक्षरंही वेगवेगळ्या तुकड्यांनी जोडलेली असतात. फॉन्ट हरवला तर हाती फक्त इंग्रजी अक्षरांचा कचरा उरतो आणि कुठलं चिन्ह कशासाठी होतं हे कोणालाच सांगता येत नाही. फॉन्ट असला की तक्ता बनवता येतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, ती युनिकोडमध्ये नंतर जाते, रफार मागून पुढे येतो, एवढं सांभाळलं की बाकीचं यांत्रिक काम आहे.

आणि शक्य असेल तर प्रत्येक नोंदीचा पडद्यावरचा फोटोही घ्या, निदान शंभरेक नोंदींचा. रूपांतर झाल्यावर पडताळायला मूळ काय दिसत होतं ते हवं.

रानवाट

झालं. सगळ्या नोंदी बाहेर आल्या.

डोंगल पहिल्या खेपेला दिसलंच नाही. यूएसबीचं पान परत बघितलं तर मी घाईत ३.० निवडलं होतं. ओएचसीआय केल्यावर त्याचा बारीक हिरवा दिवा लागला आणि प्रोग्रॅम उघडला. छपाईच्या मेनूत 'टेक्स्ट फाइलमध्ये काढा' असा पर्याय होता, बाबांनी इतक्या वर्षांत कधी दाबला नव्हता. टॅबने वेगळे केलेले रकाने निघाले. जुनीपेटींच्या व्हीएचडीवरून फाइल, दोन्ही फॉन्ट आणि दोनशे फोटो बाहेर घेतले. ३ दिवसांच्या मुदतीतला दीड दिवस उरला होता. मेमरी इंटिग्रिटी परत चालू केली, कासव परत आलं, उबुंटू चालतंय तेवढं पुरे आहे.

डिस्कचा जो तुकडा निघाला नव्हता तो सूचीच्या फाइलमध्ये नव्हता. बाबांनी शेवटच्या वहीतल्या नोंदींशी ताडून बघितलं.

विंडोज ११ चं मशीनही पाटीपेन्सिलताईंच्या सांगण्यानुसार पहिल्या फटक्यात उभं राहिलं, त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

आता बाबा म्हणतात रूपांतर झालेली सूची ते स्वतः तपासणार, आणि उबुंटूमध्येच, कारण तिथली अक्षरं त्यांना मोठी आणि स्वच्छ दिसतात. त्यांना इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कीबोर्ड येतो. पण लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड निवडला तरी उबुंटूच्या खिडकीत इंग्रजीच उमटतं. हे का?

सुतळी

कारण गेस्टकडे अक्षर जात नाही, कुठली कळ दाबली तिचा क्रमांक जातो. होस्टवर कोणता कीबोर्ड निवडला आहे याच्याशी उबुंटूला देणंघेणं नाही. उबुंटूच्या आत सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, तिथे मराठी जोडा. इनस्क्रिप्ट त्या यादीत दिसला नाही तर आयबसचं (उबुंटूतल्या टंकनाच्या सोयीचं) एम१७एन हे पॅकेज टाकून एकदा लॉगआउट करा. होस्टवर इंग्रजीच राहू द्या. भाषा बदलायला सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस. ती कळ विंडोजने मध्येच पकडली तर खिडकी पूर्ण पडदाभर करा, किंवा उबुंटूत दुसरी कळ ठरवा. उजवा कंट्रोल मात्र त्या कामाला देऊ नका, तो व्हर्च्युअलबॉक्सने स्वतःसाठी ठेवला आहे.

जोडाक्षरं उमटताना काही अडलं तर बाबांना थेट इथे लिहायला सांगा.